माझ्या जागी कोण

सरांच्या शोकसभेत मी बोलायचं, हे ताईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. ताई म्हणजे आम्ही कॉलेजात होतो तेव्हाची आमच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन. सख्खी नव्हे, पण सख्खीपेक्षा जास्त हुकूम सोडते. मी म्हटलं, "मला रडू येईल." ती म्हणाली, "येऊ दे की. पण आटोपशीर रड. तुझ्यानंतर प्राचार्य बोलणार आहेत, आणि ते एकदा सुरू झाले की कंटाळून सर स्वतः उठून बसतील."

सर जाऊन आठवडा झाला होता. सभा त्या दिवशी संध्याकाळी, कॉलेजच्या व्यायामशाळेत होती. सकाळी हॉस्पिटलकडे गाडी चालवताना मी पहिलं वाक्य जुळवत होते आणि ते काही केल्या जुळत नव्हतं. 'सर शिस्तीचे भोक्ते होते' असं तर शिस्त कशाशी खातात हे ज्यांना माहीत नसतं त्यांच्याबद्दलही म्हणतात. 'सरांनी आम्हाला जिंकायला शिकवलं' हे धडधडीत खोटं. आम्ही बऱ्याचदा हरायचो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "आता तुम्हीच सांगा, सर!" शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच वर केली.

आम्ही त्यांना लवंगी सर म्हणायचो. लवंगी मिरचीसारखे, एवढेसे आणि तिखट. बास्केटबॉल शिकवणारा हा माणूस आमच्या संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीपेक्षाही बुटका होता. सकाळी गणित शिकवायचे आणि दुपारनंतर आम्हाला पळवायचे. आवाज बसका. ओरडणं त्यांना जमायचंच नाही, त्यामुळे त्यांचं ऐकायचं तर जवळ जाऊन वाकावं लागायचं. "बघा, माझ्यापुढे सगळ्यांच्या माना आपोआप खाली जातात," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

डावांना त्यांनी नातेवाइकांची नावं ठेवली होती. 'सासूबाई' म्हणजे अख्ख्या मैदानभर समोरच्या मुलीच्या अंगावर जाऊन पहारा. तिनं पाऊल टाकलं रे टाकलं की आडवं जायचं. 'जावई' म्हणजे एकीनं कोपऱ्यात नुसतं ऐटीत उभं राहायचं, बाकीच्या चौघींनी राबायचं आणि शेवटी चेंडू आयता तिच्या हातात नेऊन द्यायचा. समोरच्या संघातल्या मुली आमच्या आरोळ्या ऐकून हसायला लागायच्या, आणि त्यांचं हसून होईपर्यंत आमचे दोन गुण झालेले असायचे.

पण सरांची खरी खूण म्हणजे मूठ. खेळताना जी दमेल तिनं मूठ वर करायची. मूठ दिसली की सर लगेच तिला बाहेर घ्यायचे, का म्हणून विचारायचे नाहीत. बाहेर येणारीनंच सांगायचं, माझ्या जागी कोण. श्वास परत आला की तिनं स्वतःहून परत आत जायचं. तिची जागा तिचीच. मात्र दमलेली असून जिनं मूठ वर केली नाही आणि सरांच्या ते लक्षात आलं, ती उरलेला सामना बाकावर बसायची. पहिल्या वर्षी कुणीच मूठ वर करेना. प्रत्येकीला आपली अब्रू प्यारी. एकदा आमच्यातली एक चुरचुरीत मुलगी म्हणाली, "सर, झाकली मूठ सव्वा लाखाची." सर म्हणाले, "तो सव्वा लाख घरी ठेवा. मला इथे दोन गुण हवेत."

हे सगळं पाच मिनिटांत कसं बसवायचं याचा विचार करत मी हॉस्पिटलच्या फाटकात शिरले, तेवढ्यात फोन आला. छापखान्यातला कामगार. कागद कापायच्या मशीनमध्ये उजवा हात मनगटापासून तुटलेला. हात सोबत आणलाय.

तुटलेले हात आणि बोटं परत जोडणं हे माझं काम आहे. लोकांना त्यात चमत्कार दिसतो. मला त्यात शिवणकाम दिसतं, फार बारीक आणि फार लांबलचक. हाडं, मग स्नायूंच्या दोऱ्या, मग धमन्या, शिरा, नसा. तुटलेला हात बर्फात ठेवला तरी त्याची वेळ संपतच असते. ठरावीक वेळात त्यात रक्त खेळलं नाही, तर तो जोडून उपयोग नाही.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. तिच्या मांडीवर थर्मासचा डबा होता. छापखान्यातल्या लोकांनी शहाणपणा केला होता: हात ओल्या फडक्यात, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी बर्फात. वॉर्डबॉय तो डबा मागत होता आणि ती देत नव्हती.

"डॉक्टर कोण आहेत त्यांच्याच हातात देणार," ती म्हणाली.

"मी आहे डॉक्टर."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या धाकट्या डॉक्टरकडे पाहिलं. त्याला सगळं हॉस्पिटल धाकटाच म्हणतं. माझ्या हाताखाली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी चेहरा असा की रिक्षावाले अजून त्याला कॉलेजच्या दारात सोडतात.

"तुम्हीच करणार ना? सगळं?" तिनं मला विचारलं. "शिकणाऱ्यांच्या हातात द्यायचं नाही, मॅडम. तो उजव्या हातावर जगतो. शब्द द्या मला."

मांडीवर नवऱ्याचा हात घेऊन बसलेल्या बाईला काय सांगायचं? मी म्हटलं, "मीच करते. शब्द दिला." तिनं डबा माझ्या हातात दिला. धाकटा खाली फरशीकडे बघत होता.

माझ्या थिएटरमध्ये सरांचा नियम गेली कित्येक वर्षं चालू आहे. फक्त हात वर करता येत नाही. धुतलेले हात छातीच्या वर गेले तर आमची इन्चार्ज सिस्टर कुणाचीच गय करत नाही, माझीसुद्धा. म्हणून आम्ही नुसतं तोंडानं 'मूठ' म्हणतो. डॉक्टर म्हणो, नर्स म्हणो, कुणीही म्हणो. मग सिस्टर विचारते, "जागी कोण?" आणि माणूस बदलतो. दुसऱ्या थिएटरमधले सर्जन मला चिडवतात. "तुमच्याकडे म्हणे मध्यंतर असतं. पॉपकॉर्न मिळतं का?" मी म्हणते, मिळतं, पण तिकीट महाग आहे, आधी दमलो असं कबूल करावं लागतं.

धाकट्यानं दोन वर्षांत एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता. त्याचे वडील मोठे सर्जन. तो जिथे शिकला तिथे सलग किती तास उभे राहिलो याच्या बढाया मारायची पद्धत होती. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "मला दमायला होतच नाही, मॅडम." सिस्टर मागून म्हणाली, "लहान आहे अजून. दात येतायत."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. हाडं तारांनी बसवली. स्नायूंच्या दोऱ्या एकेक शोधून जोडल्या. मग मायक्रोस्कोप पुढे ओढला आणि मनगटातली मोठी धमनी घेतली. हात वाचणार की नाही ते हिच्यावर ठरतं. धागा केसाहून बारीक असतो. धमनी म्हणजे पोकळ नळी. टाका घालताना सुई चुकून पलीकडच्या भिंतीत शिरली तर नळीचं तोंडच शिवलं जातं, बाही शिवताना पुढचं-मागचं कापड एकत्र शिवलं जावं तसं. ही चूक पहिल्या महिन्यातला विद्यार्थी करतो.

मी शेवटचा टाका घातला आणि रक्त अडवून धरणारा चिमटा, क्लॅम्प, सोडला. हात पांढराच राहिला. थांबलो. कोमट पाणी सोडलं. तरी पांढराच. टाके कापून आत पाहिलं, तर मागची भिंत पुढच्या टाक्यात धरली गेली होती.

मी कात्री मागितली. धमनीची कड परत कापली. दर वेळी कापली की ती थोडी आखूड होते. आता यापुढे कापली तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचणार नव्हती. मग पायातली शीर काढून मध्ये जोड द्यावा लागला असता, आणि तेवढा वेळ त्या हाताकडे उरला नव्हता. म्हणजे ही एकच संधी होती. मी सुई धरली आणि सुईचं टोक थरथरलं. नुसत्या डोळ्यांना दिसलंही नसतं, पण मायक्रोस्कोपखाली ती सुई वाऱ्यात झाड हलावं तशी हलत होती.

सर गेल्यापासून मला धड झोप नव्हती. हे मला माहीत होतं, आणि मी ते दिवसभर स्वतःपासून लपवत आले होते.

मायक्रोस्कोपला समोरून दुसरी दुर्बीण असते. त्यातून धाकटा तेच बघत होता. त्यानं माझी सुई थरथरताना पाहिली आणि हळूच डोळे काढून बाजूला बघितलं. मला झाकायला. मोठ्या माणसाची लाज राखायची, असं त्याला घरी शिकवलं असणार. मला ते असं झोंबलं की काय सांगू. म्हटलं, हा मुलगा माझ्याकडून दोन वर्षं हेच शिकला का?

आणि मला तो सामना आठवला. मी कॉलेजात नवी, काटकुळी. सर मला काटकी म्हणायचे. त्या वर्षी मी बाकावरून उठले होते ती फक्त पाण्याच्या बाटल्या भरायला. अंतिम सामना, दोन्हीकडे सारखे गुण, आणि ताईनं मूठ वर केली. सरांनी तिला बाहेर घेतलं. तिनं धापा टाकत सांगितलं, "काटकी." मला वाटलं, माझ्या मागे आणखी कुणी काटकी बसली असेल.

आत गेल्यावर पहिलाच चेंडू मी सरळ मैदानाबाहेर फेकला. लोक ओरडले. मी बाकाकडे बघितलं, म्हटलं आता मला परत बोलावतील. ताई माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होती. सर बुटाची नाडी बांधत होते. मला कुणीच बोलावणार नव्हतं. माझं नाव घेतलं गेलं होतं, आणि आता ती जागा मलाच सांभाळायची होती. तेव्हा कुठे माझे पाय जमिनीला लागले. मी काही पराक्रम केला नाही. समोरच्या मुलीला सासूबाईसारखी चिकटले, एवढंच. थोड्या वेळानं ताई आपणहून परत आली आणि मी बाहेर.

लोक विचारतात, जिंकलात का? नाही. थोडक्यात हरलो. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या रडत होत्या. सर आत आले नाहीत, दारातूनच त्यांनी ताईला विचारलं, "नाव बरोबर घेतलं होतंस?" ताई म्हणाली, "हो, सर." हरल्यावरसुद्धा ती "हो" म्हणाली. माझ्या सबंध आयुष्यात माझ्याविषयी कुणी एवढं मोठं बोललेलं नाही.

"मूठ," मी म्हटलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनीही मान वर केली. आजवर धमनीच्या वेळी मी हा शब्द कधी उच्चारला नव्हता. सिस्टरनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "जागी कोण?"

"धाकटा."

त्यानं दुर्बिणीतून मान वर केली. मास्कच्या वर त्याचे डोळे केवढे तरी मोठे झाले होते. "मॅडम, मी ही धमनी पेशंटवर कधीच... आपण थोडं थांबू. तुम्हाला बरं वाटेल."

"आपण थांबू. हात थांबणार नाही."

"दुसऱ्या कुणा सीनियरना बोलावू?"

"जे आहेत ते गावाला गेलेत. तू केलंयस हे. कोंबडीच्या तंगडीवर शंभरदा केलंयस, मी पाहिलंय."

"कोंबडीचं कुणी बाहेर बसलेलं नसतं, मॅडम." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्या बाईंना तुम्ही शब्द दिलाय."

"तो माझा प्रश्न. तुझा प्रश्न तुझ्यासमोर आहे."

मी खुर्ची सोडली. तो माझ्या जागी येऊन बसला, खुर्ची थोडी वर घेतली, दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवली. "मागची भिंत आधी," मी म्हणणार होते. जीभ चावली. त्यानं स्वतःहूनच सुई मागच्या भिंतीपासून सुरू केली. मी गाऊन उतरवला आणि बाहेर निघून आले. दाराच्या काचेतून आत बघायचा मोह मी आवरला, आणि तो आवरणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आमची विश्रांतीची खोली म्हणजे एक कॉट, एक न चालणारं घड्याळ आणि कुणाचे तरी कायम वाळत घातलेले मोजे. मी दोन ग्लास पाणी प्यायले, बिस्किटं खाल्ली, आणि सरांनी शिकवलं होतं तशी जमिनीवर पाठ टेकून पाय कॉटवर टाकून पडले. मग रडले. सकाळपासून ज्या रडण्याला भीत होते ते तिथे एकटीनं रडून घेतलं. सर हवे होते मला. त्यांना विचारायचं होतं की तुम्ही नाडी बांधायचात ती मैदानाकडे बघायचा मोह टाळायलाच का?

फोन वाजला. ताई. मागे माइकचा आवाज येत होता. "काटके, कुठे मेलीस? सभा सुरू झालीये. प्राचार्य पहिलेच उभे राहिलेत आणि अजून स्वतःच्याच बालपणात आहेत."

"मला यायला जमणार नाही, ताई. ऑपरेशन चालू आहे. मी आत्ता बाहेर आहे. परत आत जायचंय."

तिनं विचारलं, "मूठ?"

"हो."

"कुणाचं नाव घेतलंस?"

"नवा आहे. पहिल्यांदाच करतोय."

सगळं ठीक होईल वगैरे ती काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मग फोन ठेव आणि पाणी पी. इथे काय सांगू?"

"हेच सांग."

"एवढंच भाषण?"

"एवढंच."

मी डोळे मिटून पडले. झोप लागली नाही, पण श्वास जागेवर आला. हात समोर धरून पाहिले. स्थिर होते. उठले, तोंड धुतलं, हात धुतले, अगदी नखांपासून कोपरापर्यंत, घाई न करता.

आत गेले तेव्हा धाकटा शेवटच्या टाक्याची गाठ मारत होता. त्याचा गाऊन घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "क्लॅम्प तुम्ही सोडा, मॅडम."

"ज्यानं शिवलं त्यानं सोडायचा."

त्यानं क्लॅम्प सोडला. हात पांढरा. भूल देणारे डॉक्टर उठून उभे राहिले. सिस्टर हातातला चिमटा तसाच धरून होती. हात पांढराच. मी धाकट्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्यानं माझ्या चेहऱ्यात उत्तर शोधलं असतं. मग सिस्टर म्हणाली, "अंगठा बघा." अंगठ्याच्या बुडाशी, अगदी हलका, रंग चढत होता. तिथून तळव्यात आला. मग एकेका बोटात. सगळ्यात शेवटी करंगळीच्या नखापर्यंत.

कुणीतरी टाळी वाजवली असती तर सिस्टरनं त्याला हाकलून दिलं असतं, म्हणून कुणी वाजवली नाही. पण तिचे स्वतःचे डोळे भरले होते.

अजून दुसरी धमनी होती, शिरा होत्या, नसा होत्या. धाकट्यानं नवी सुई मागितली. सिस्टरनं दिली. त्याचा हात आता चांगला बसला होता. त्यानं मागितलं असतं तर मी त्याला पुढचंही करू दिलं असतं. त्यानं सुई धरली, मायक्रोस्कोपखाली नेली, तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग ती खाली ठेवली.

"मूठ," तो म्हणाला.

"जागी कोण?" सिस्टरनं विचारलं.

"मॅडम."

मी माझ्या खुर्चीवर बसले. पुढचं सगळं काम मी केलं, मधल्या दोन शिरा परत त्यानं केल्या. रात्री उशिरा आम्ही शेवटचं ड्रेसिंग बांधलं.

कामगाराची बायको त्याच बाकावर बसली होती, रिकामा डबा शेजारी ठेवून. मी तिच्याशेजारी बसले.

"हात जोडलाय. रक्त चालू आहे. पुढचे काही दिवस जपायचं, पण आत्ता हात जिवंत आहे," मी म्हटलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मला ते सहन होईना. मी हात सोडवून घेतले.

"एक सांगायचंय. मुख्य धमनी मी जोडली नाही. मी एकदा जोडली ती चुकली. दुसऱ्यांदा माझा हात थरथरत होता. ती त्या धाकट्या डॉक्टरांनी जोडली. पहिल्यांदाच."

तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तुम्ही शब्द दिला होता मला."

"दिला होता. मोडला."

"आणि हात गेला असता तर?"

"तर हेच सांगायला आले असते, इथेच बसून. नाव मी घेतलं, तेव्हा उत्तरही मीच द्यायचं."

"मग शब्द दिलात कशाला?" आता तिचा आवाज चढला होता. "मला काय कळणार होतं आत काय चाललंय ते? सांगितलं नसतं तर चाललं असतं की! मी तुमचा फोटो लावला असता घरात."

"तुमच्या मांडीवरचा डबा बघून दिला. द्यायला नको होता. पण तो पाळला असता तर हात गेला असता, हे मात्र खरं."

तिनं तोंड फिरवून भिंतीकडे केलं. रागावली होती, आणि तिचा राग अगदी रास्त होता. मी तो पुसायला गेले नाही. मग भिंतीकडेच बघत ती बोलायला लागली. "काल रात्रपाळी केली त्यानं. आज परत सकाळची. डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, आज घरी बस, सांग त्यांना दमलोय म्हणून. म्हणाला, वेडी आहेस का? दमलो म्हणून सांगितलं तर उद्या माझ्या मशीनवर दुसरा माणूस उभा दिसेल." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला बरं सांगता येतं, मॅडम. तुमची खुर्ची कुठे जात नाही."

 सरांच्या नियमात दमलो म्हणून सांगणं हा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा म्हणजे परत येता येणं. तो अर्धा भाग तिच्या नवऱ्याला कुणी दिलाच नव्हता.

"छापखान्याच्या मालकाला मी भेटणार आहे," मी म्हटलं.

"शब्द देताय?"

"नाही. भेटणार आहे."

ती पहिल्यांदाच किंचित हसली, नाइलाजानं हसावं तशी. मग उठली. "मला हात बघायचाय."

मी तिला आत नेलं. नवरा भुलीच्या गुंगीत होता. हात उशीवर उंच ठेवलेला, ड्रेसिंगमधून फक्त बोटांची टोकं बाहेर. तिनं विचारलं, "लावू?" मी मान हलवली. तिनं एका बोटानं त्याच्या करंगळीच्या टोकाला स्पर्श केला आणि झटकन मागे घेतला. परत लावला. या वेळी तिथेच ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा धाकटा जिन्याजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. टोपी डोक्यावरच, तोंड उघडं, मान एका बाजूला लोंबकळलेली. मी त्याला उठवणार होते. तिनं मला हातानंच थांबवलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचे मांडीवर उताणे पडलेले हात तिनं बराच वेळ बघितले.

"केवढासा आहे हो हा," ती म्हणाली.

तिनं अंगातला स्वेटर काढला, घडी केली आणि त्याच्या मानेखाली सरकवायला गेली. त्या धक्क्यानं तो दचकून जागा झाला. समोर कोण आहे हेही त्याला कळलं नाही. डोळे अर्धवट उघडून, घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "रंग? बोटांचा रंग कसा आहे?"

मी तोंड उघडलं, पण ती माझ्या आधी बोलली.

"गुलाबी आहे," ती म्हणाली. "मी बघून आलेय. झोपा तुम्ही."